तांबी पडली की सरकली?

गर्भाशयात बसवण्याच्या तांब्याच्या गर्भनिरोधक साधनाला आपल्याकडे सर्रास 'तांबी' म्हणतात. १९६५ साली शासकीय कार्यक्रमात लिपीज लूप आला, म्हणून जुन्या पिढीच्या तोंडी अजूनही 'लूप' हाच शब्द आहे. नाव कोणतेही असो, तांबीचा धागा हाताला लागेनासा झाला की घरात एकच निष्कर्ष निघतो : 'पडली असेल.' वस्तुतः बरेचदा धागाच वर ओढला गेलेला असतो. काही वेळा तांबी खरोखर पडते. क्वचित मात्र ती गर्भाशयाची भिंत भेदून पलीकडे जाते. प्रस्तुत लेख या तिसऱ्या शक्यतेविषयी आहे.

मूत्राशय गर्भाशयाच्या अगदी पुढे, त्याला लागूनच असते. त्यामुळे पुढच्या भिंतीतून निसटलेली तांबी तेथे पोहोचू शकते. भिंतीला छिद्र बहुधा बसवतानाच पडते. काही वेळा तांबी भिंतीत रुतून हळूहळू पुढे सरकते. युरोपातील सहा देशांतील ६१ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत (२०१५) असे छिद्र हजारी एक-दीड स्त्रियांतच आढळले. परंतु अंगावर पाजणाऱ्या मातांत हे प्रमाण सुमारे सहापट होते. त्यातही मूत्राशयापर्यंत जाण्याचे प्रसंग फारच थोडे. तेव्हा तांबीची धास्ती घेण्याचे कारण नाही. धागा हरवल्याकडे दुर्लक्ष करणे मात्र योग्य नव्हे.

मूत्राशयातील कोणत्याही परक्या वस्तूवर लघवीतील क्षार जमतात आणि तांबीभोवती खडा तयार होतो. लघवीला जळजळ, वारंवार जाणे, ओटीपोटात दुखणे, लघवीतून रक्त, औषधाने बरा होऊन पुन्हा उलटणारा जंतुसंसर्ग, ही लक्षणे कधी काही महिन्यांनी, तर कधी अनेक वर्षांनी दिसतात. आपल्याकडे याला 'उन्हाळी लागली' म्हणतात आणि जिऱ्याचे पाणी, सब्जा सुरू होतो. नमाजी स्त्रीला लघवी थेंबथेंब होऊ लागली, तर वुजू टिकतो की नाही हा मसला आधी विचारला जातो, डॉक्टर नंतर. मसला विचारणे रास्तच आहे. पण तपासणी त्यासाठी थांबू नये.

येथे भाषेचीही एक अडचण आहे. उर्दू बोलणाऱ्या घरांत गर्भाशय म्हणजे बच्चेदानी आणि मूत्राशय म्हणजे मसाना, नावे स्वतंत्र. मराठीत मात्र एक गर्भाची पिशवी, दुसरी लघवीची पिशवी. संकोचाने नुसतेच 'पिशवीचा त्रास' म्हटले, तर कोणती पिशवी हे ऐकणाऱ्याला कळत नाही. शिवाय मुतखड्याच्या डॉक्टरांना दहा वर्षांपूर्वीच्या तांबीबद्दल कोण सांगतो? ते आवर्जून सांगावे, कारण सोनोग्राफीत ही खड्याने वेढलेली तांबी साध्या खड्यासारखीच भासू शकते.

धागा सापडत नसेल तर प्रथम गरोदरपण नाही ना, हे पाहतात, मग सोनोग्राफी. तीत गर्भाशय रिकामे दिसले, की बऱ्याच ठिकाणी 'पडली' असे लिहून प्रकरण मिटते. चूक नेमकी येथे होते. रिकाम्या गर्भाशयावरून तांबी शरीरात नाही असे ठरत नाही. तिच्या प्लॅस्टिकमध्ये बेरियम सल्फेट मिसळलेले असल्याने ती क्ष-किरणात स्पष्ट दिसते. म्हणून संपूर्ण पोट आणि ओटीपोटाचा एक्स-रे काढावा लागतो. तांबी मूत्राशयाजवळ दिसली, तर ती आत आहे की भिंतीत रुतली आहे हे सीटी स्कॅन आणि दुर्बिणीच्या तपासणीतून कळते.

बाहेर गेलेली तांबी त्रास नसला तरी काढावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. ती मूत्राशयात मोकळी असेल तर मूत्रमार्गातून दुर्बीण घालून, खडा फोडून ती काढता येते. भिंतीत अडकली असेल, तर पोटातून दुर्बिणीने किंवा उघडी शस्त्रक्रिया करावी लागते. पहिली पडली असे समजून दुसरी तांबी बसवली गेली आणि पुढे एक्स-रेमध्ये दोन्ही दिसल्या, असेही रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत.