गुडघ्यातली दोरी
१९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव तुम्हांला ठाऊक आहेतच. पुढे गुडघा दुखावल्याने त्यांची आंतरराष्ट्रीय कुस्ती थांबली.

सातारा-सांगलीच्या आखाड्यांत आजही गुडघे दुखावतात. पाय रोवलेला असताना अंग गर्रकन वळले, की गुडघ्याला पीळ बसतो आणि मांडीचे व नडगीचे हाड आतून बांधणारा अस्थिबंध तुटतो. तो सहसा आपोआप जुळत नाही. मग शल्यविशारद मांडीमागच्या स्नायूची कंडरा काढतात, दोन्ही हाडांना भोके पाडून तीतून ओवतात व पक्की बसवतात.

गंमत पाहा! ही दोरी प्रथम कमकुवत होते. तीत रक्तवाहिन्या शिरल्यावरच हळूहळू बळकट होते. दुखणे मात्र त्याआधीच थांबते. म्हणून मित्रांनो, निदान नऊ महिने आखाड्यापासून दूर राहा!