आबांच्या विटा

आमच्या घरात युद्धाची एकच गोष्ट सांगितली जायची, आणि ती विटांची होती.

१९७१च्या डिसेंबरात मी सात वर्षांची होते. खडकी बाजारातल्या आमच्या घरी संध्याकाळी सगळे रेडिओभोवती जमायचे. आबाही असायचे, भिंतीला टेकून, डोळे मिटून. शाळेत मुली आपापल्या काका-मामांच्या रणगाड्यांच्या, तोफांच्या गोष्टी सांगत. म्हणून मी एकदा विचारलं, "आबा, तुम्ही ब्रह्मदेशात काय केलंत?" ते म्हणाले, "विटा भाजल्या, पोरी. आन् रस्त्यात घातल्या." हे मी शाळेत कुणाला सांगितलं नाही.

आबा पुरंदर तालुक्यातले. १९४१मध्ये खडकीला येऊन बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. आजी मात्र कायम 'सफरमैना' म्हणायची. सॅपर्स अँड मायनर्सचं आपल्या लोकांच्या जिभेवर झालेलं रूप. महायुद्ध संपेपर्यंत हिंदी सैन्यात २५ लाखांवर माणसं होती आणि ती सगळी स्वेच्छेने आलेली होती, असं पुस्तकांत असतं. 'स्वेच्छेने' हा शब्द मला पुरता पटत नाही. तीन एकर कोरडवाहू आणि चार भाऊ असले की स्वेच्छेला जागा किती उरणार? आबांची मनीऑर्डर येई तेव्हा घरात तेल-मीठ येई. एकदा सात महिने ना पत्र आलं ना पैसे. त्या काळात पोस्टमन वेशीत दिसला की आजी मागच्या दाराने शेतात निघून जायची. तार आली तर ती आपल्या हातात पडू नये, एवढंच तिला वाटे.

आबा १९८६मध्ये गेले. त्यानंतर काही वर्षांनी चौदाव्या सेनेचे सेनापती विल्यम स्लिम यांचं 'डिफीट इन्टू व्हिक्टरी' माझ्या हाती आलं. त्यात ब्रह्मदेशातल्या आराकानचा भाग वाचताना मी एका पानाशी थांबले. आराकानात रस्त्याला घालायला दगडच नव्हता. वर्षाला दोनशे इंचांच्या आसपास पाऊस, खाली नुसती माती. ट्रक रुतले की पुढे तोफगोळे पोचत नाहीत आणि मागे जखमी येत नाहीत. म्हणून रस्त्याच्या कडेनेच भट्ट्या लावल्या, तिथल्याच मातीच्या विटा भाजल्या आणि विटांचा रस्ता केला. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. आबांनी मला टाळलं नव्हतं. जे केलं तेच, नेमक्या शब्दांत सांगितलं होतं.

१९९४च्या जुलैमध्ये मेजर रामा राघोबा राणे यांचं पुण्यात निधन झालं. मी आजीला ती बातमी वाचून दाखवली. राणे मूळचे कारवारजवळच्या चेंडियाचे. १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले आणि आराकानात लढले. माघारीच्या वेळी बुथिडाँगचं सामान जपान्यांच्या हाती पडू नये म्हणून ते उडवायला मागे ठेवलेल्या तुकड्यांत ते होते. मग काश्मीरचं युद्ध, एप्रिल १९४८, नौशेरा ते राजौरी. वाटेत सुरुंग पेरलेले, पाइनचे बुंधे आडवे टाकलेले, वरून मशीनगन आणि उखळी तोफांचा मारा. पहिल्याच दिवशी त्यांचे दोन सहकारी ठार झाले आणि राणे स्वतः जखमी झाले. तरी पुढचे तीन दिवस ते वाट मोकळी करत राहिले. रणगाड्याच्या पोटाखालून, दोन पट्ट्यांच्या मधून, रणगाड्याच्या गतीने सरपटत जायचं आणि चालकाला दोरीने खुणा करायच्या. रणगाडे राजौरीला पोचले. परमवीर चक्र स्वीकारायला हयात असलेले ते पहिले सैनिक.

आजीने सगळं ऐकून घेतलं. "यांच्याच पलटणीचे की," म्हणाली. मग बराच वेळाने, "म्हंजी हे पण आधी वाटच करत व्हते." मी तिला स्लिमचं ते पान मराठीत सांगितलं. नवरा सात महिने कुठे होता आणि काय करत होता, हे तिला तेव्हा, पन्नास वर्षांनी, कळलं. ती रडली नाही. भट्टीला लाकूड कुठून आणत असतील, असं तिने विचारलं.

आबांची पदकं पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. त्यातला सहा टोकांचा बर्मा स्टार मी दरवर्षी पुसते. पण त्यांनी मला दिलेली वस्तू दुसरीच आहे. १९४६मध्ये परतल्यावर घरामागचं अंगण त्यांनी स्वतः विटांनी बांधलं, विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या करून. चाळीस पावसाळे तिथे चिखल झाला नाही. घर पाडून इमारत उभी राहिली तेव्हा मी कामगारांना थांबवून चार विटा काढून घेतल्या. त्या आता माझ्या गच्चीत तुळशीच्या कुंडीखाली आहेत, कडेवर उभ्या.