रिकामा रकाना आणि ‘जर–तर’

गेल्या वर्षी एक ऑनलाइन अर्ज भरण्यासाठी मी अंबरनाथ स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. ‘वडिलांचे नाव’ या रकान्यापुढे लाल स्टार होता, म्हणजे तो रिकामा सोडता येत नव्हता. माझी आई उल्हासनगरला जीन्सचे धागे कापण्याचे काम करते. तिने मला एकटीने वाढवले आणि मी तिचेच नाव लावते. दुकानातल्या दादांनी थोडा विचार केला व त्या रकान्यात एक टिंब देऊन टाकले. अर्ज स्वीकारला गेला! घरी छापील प्रत पाहून आईने विचारले, “हे टिंब कोण गं?” त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे समजले, ते येथे मांडते.

एका यंत्रणेतून दुसरीकडे माहिती पाठवण्यासाठी एक्सएमएल ही पद्धत वापरतात. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ती १० फेब्रुवारी १९९८ रोजी मान्य केली. तिच्यात प्रत्येक माहितीला नावाची खूण लावतात आणि ती मराठीतही चालते. उदाहरणार्थ, <गाव>बदलापूर</गाव>. कोणत्या खुणा हव्यात, किती वेळा हव्यात आणि त्यांत काय बसावे, हे सांगणारी नियमावली म्हणजे स्कीमा.

२ मे २००१ रोजी मान्य झालेल्या स्कीमाला ‘हवेच’ आणि ‘नसले तरी चालेल’ असे सांगता येते. ‘वडील किंवा आई, यांपैकी एक’ असा पर्यायही देता येतो. पुष्कळदा तेवढ्याने भागते, म्हणून नवशिक्याने आधी तेच करून पाहावे. परंतु ‘पालकत्व’ या रकान्यातला मजकूर वाचून दुसऱ्या रकान्याची सक्ती ठरवणे तिला सरळपणे जमत नाही.

येथे आपले तर्कशास्त्र उपयोगी पडते. सोपाधिक विधान केवळ एकाच स्थितीत खोटे ठरते: पूर्वांग खरे आणि उत्तरांग खोटे असेल तेव्हा. म्हणून ‘जर अ, तर ब’ हेच ‘अ नाही, किंवा ब आहे’ असे लिहिता येते. ५ एप्रिल २०१२ च्या १.१ आवृत्तीत त्यासाठी ‘असर्ट’ हे साधन आले. त्यात दोन वाक्ये लिहायची. पहिले, ‘पालकत्व एकल आई नाही, किंवा आईचे नाव आहे.’ दुसरे, ‘पालकत्व एकल आई आहे, किंवा वडिलांचे नाव आहे.’ मात्र दोन्ही नावे आधी ऐच्छिक ठेवावी लागतात. मूळची सक्ती तशीच राहिली, तर ‘असर्ट’ लिहूनही उपयोग नाही. टिंब अडवायचे असेल, तर नावात अक्षरे हवीत असा वेगळा नियम घालावा.

बरीच साधने अजून जुनीच आवृत्ती ओळखतात. तेथे रिक जेलिफ यांनी १९९९ मध्ये मांडलेली स्कीमॅट्रॉन ही भाषा जोडीला घेता येते. तिच्यात चुकीचा संदेशही आपल्या शब्दांत, मराठीतही, लिहिता येतो.

प्रत्यक्ष कायदेही असेच असतात. आई एकल पालक असेल, तर पॅन कार्डाच्या अर्जात ५ डिसेंबर २०१८ पासून वडिलांच्या नावाची सक्ती नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्म झाला असेल, तर शासकीय कागदपत्रांत आईचे नाव आवश्यक आहे. माझा जन्म त्याआधीचा आहे. माझ्या बाबतीत पूर्वांगच खोटे, म्हणून हा दुसरा नियम मला लागू होत नाही आणि अडवतही नाही.

मित्रहो, कायदा बदलला म्हणून रकान्यापुढचा स्टार आपोआप पुसला जात नाही. कोणालातरी बसून ते वाक्य लिहावे लागते. उद्या आपल्यापैकी कोणावर अशी नियमावली लिहिण्याचे काम आले, तर त्याने स्टार देण्यापूर्वी एकदा ‘जर’ म्हणून पाहावे, एवढीच विनंती.