डिलीट केलं म्हणजे गेलं?
शाळकरी मुलं आणि इंटरनेट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आठवी-नववीच्या मुलांना इंटरनेटवरचे धोके विचारले, की हॅकर, व्हायरस आणि लांबच्या देशातला कुणी अनोळखी माणूस ही उत्तरं ठरलेली असतात. पालकांचीही तीच समजूत असते. संगणक शिक्षकाच्या टेबलापर्यंत येणाऱ्या तक्रारी मात्र वेगळ्या असतात. वर्गाच्या ग्रुपवर कुणाचा तरी फोटो फिरतो, क्लासमधला मुलगा पासवर्ड घेऊन बसतो, मैत्रिणीच्या नावाने कुणीतरी खोटं अकाउंट उघडतं. आणि प्रकरण हाताबाहेर जातं ते बहुधा एकाच कारणाने : मूल वेळेवर कुणालाच सांगत नाही. त्याचं तोंड बंद ठेवणारे काही गैरसमज आहेत, ते आधी दूर करायला हवेत.

"डिलीट फॉर एव्हरीवन केलं, आता काळजी नाही"

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, पण त्याला सुमारे अडीच दिवसांची मुदत आहे. तेवढ्या वेळात समोरच्याने फोटो दुसरीकडे साठवला असेल, तर पुसून काहीच हाती लागत नाही. एकदाच उघडता येणाऱ्या 'व्ह्यू वन्स' फोटोचा स्क्रीनशॉट अडवला जातो, पण शेजारी दुसरा फोन धरून पडद्याचा फोटो काढणाऱ्याला कोण अडवणार? इन्कॉग्निटोचंही तसंच. त्यात फक्त त्या फोनवर हिस्ट्री राहत नाही. नेट पुरवणारी कंपनी, शाळेचं वायफाय आणि ज्या साइटवर गेलो ती साइट यांच्यापासून काही लपत नाही.

"फोटो गेला, आता सगळं संपलं"

हा गैरसमज पहिल्यापेक्षा घातक आहे, कारण फोटो पसरवण्याची धमकी देणाऱ्याचा सगळा धंदा त्यावरच चालतो. खरं तर करण्यासारखं बरंच असतं. अमेरिकेतल्या 'नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन' या संस्थेची 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे आणि ती भारतातूनही वापरता येते. अठरा वर्षांखालच्या वयातल्या नग्न किंवा अर्धनग्न फोटो-व्हिडिओसाठी ती आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. तो फोनमध्येच राहतो. त्याच्यावरून अंक-अक्षरांचा एक लांबलचक संकेत तयार होतो, त्याला हॅश म्हणतात, आणि तेवढाच पुढे जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या सहभागी कंपन्या आपल्याकडच्या फोटोंशी तो ताडून पाहतात आणि जुळणारा फोटो काढून टाकू शकतात. नावही द्यावं लागत नाही. व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटपर्यंत मात्र ही सोय पोचत नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

धमकी आली तर पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढत जाते. आणि घाबरून चॅट पुसू नये. प्रोफाइलचं नाव, त्याची लिंक, नंबर, पैसे मागण्यासाठी पाठवलेला क्यूआर कोड, हाच पुरावा असतो. पैसे गेलेच असतील तर 1930 या हेल्पलाइनला लगेच फोन करावा. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवली जाते. ती काढून घेतली जाण्याआधी बँकेला कळलं, तर वाटेत अडवता येते.

"मी काय केलं? फक्त फॉरवर्ड केलं"

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवड्याच्या बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्या भागात आधीच व्हॉट्सॲपवर फिरत होते. जमावाने या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारलं. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा क्लिपांपैकी एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी केलेला व्हिडिओ होता. त्यात मुलाला उचलून नेण्याचा प्रसंग अभिनयाने दाखवला होता आणि शेवटी त्याला परत आणून सोडलं होतं. तो शेवट कुणीतरी कापला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणायला सुरुवात केली. ती क्लिप पुढे ढकलणाऱ्या कुणालाही आपण काही वाईट करतोय असं वाटलं नसेल. उलट, सावध करतोय असंच वाटलं असेल. म्हणून मला हे उदाहरण वर्गात पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

वर्गातल्या मुलीचा फोटो फिरवणं हा तर सरळ गुन्हा ठरू शकतो. अल्पवयीन मुलाचं किंवा मुलीचं अश्लील चित्र पसरवलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब नुसार पहिल्या गुन्ह्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. "पण तो फोटो खोटाच होता, ॲपने बनवलेला," हा बचाव चालत नाही. लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणाऱ्या पोक्सो कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीने संगणकावर तयार केलेल्या किंवा बदललेल्या चित्रांचाही समावेश केला. अठरा वर्षांखालच्या आरोपीचं प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जातं, पण चौकशी चुकत नाही. मैत्रिणीच्या नावाने अकाउंट उघडून लोकांना फसवलं, तर त्यालाही वेगळं कलम आहे.

"कुलूप दिसतंय, म्हणजे साइट खरी"

ब्राउझरमधलं कुलूप एवढंच सांगतं, की तुमच्याकडून त्या साइटकडे जाणारा मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही. साइट भामट्याची असेल, तर पासवर्ड सुरक्षितपणे भामट्याकडेच पोचतो! गेममधले फुकट डायमंड देणारी पानंही कुलूप लावूनच येतात. पाहायचा तो पत्ता. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे वाचत या. 'इन्स्टाग्राम डॉट कॉम डॉट बक्षीस डॉट एक्सवायझेड' असं लिहिलं असेल, तर साइट 'बक्षीस डॉट एक्सवायझेड'ची आहे. आधीचं इन्स्टाग्राम नुसतं दाखवायला. सरकारी म्हणवणारी साइट 'जीओव्ही डॉट इन'ने संपते का, हेही असंच तपासावं.

आता पालकांविषयी. तेरा वर्षं पूर्ण झाली, की इन्स्टाग्राम मुलासाठी सुरक्षित, असं अनेकांना वाटतं. तेराचा आकडा आला तो अमेरिकेच्या 1998 च्या एका कायद्यातून, आणि तो कायदा मुलांची माहिती गोळा करण्यापुरता आहे. मुलाच्या समजुतीशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती मूलच मानली आहे.

"घरी सांगितलं तर मोबाईल जाईल," असं मुलं म्हणतात. हा गैरसमज म्हणता येणार नाही, बऱ्याच घरांत तसंच घडतं. पण ज्या घरात पहिलं खरं बोलल्यावर फोन काढून घेतला, तिथे दुसरी गोष्ट कळणारच नाही. त्रास झालेल्याला शिक्षा नको. आधी ऐकून घ्यावं, पुरावा जपावा, आणि फोन किती वेळ वापरायचा याचं बोलणं चार दिवसांनी करावं.

"पोलिसांत गेलं की गावभर बोभाटा," ही मोठ्यांची भीती. पोक्सो कायद्यानुसार पीडित मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि अधिकारी गणवेशात असता कामा नये. रात्री कोणत्याही कारणाने मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर मुलांच्या लैंगिक शोषणाच्या मजकुराची तक्रार नाव न देताही नोंदवता येते. आणि घरात बोलायची सोयच नसेल, तर 1098 हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, आणि मूल स्वतःही फोन करू शकतं.