मुंबईहून ताप आला? आधी दिवस मोजा

गणपतीला चाकरमानी गावी येतो. दोन दिवस आरत्या-भजने होतात आणि तिसऱ्या दिवशी त्याला सणकून ताप भरतो. अंग मोडून येते, डोळ्यांच्या मागे ठणकते. घरचे म्हणतात, प्रवासाची दगदग, पाऊस लागला. असेलही. पण डेंग्यूचा डास चावल्यापासून ताप यायला बहुधा ४ ते १० दिवस लागतात. म्हणजे डास चावला मुंबईत नि ताप चढला गावात, असा हिशेब सहज बसतो.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, डॉक्टरांनी विचारण्याची वाट बघू नका. पेशंट कुठून, कधी आला आणि ताप नेमका कोणत्या दिवशी चढला, हे आधी सांगा. तपासणी त्या दिवसावर ठरते. पहिल्या ५ दिवसांत रक्तात विषाणूचा अंश सापडतो, त्यासाठी ‘एनएस-१’. त्यापुढे शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधायची, ती ‘आयजीएम’. दुसऱ्याच दिवशी आयजीएम केली आणि निगेटिव्ह आली, तर तो कागद बघून निर्धास्त राहू नका. झटपट पट्टीचा निकालही कच्चाच धरा. पक्के निदान एलायझा तपासणीने होते. मलेरियासाठीही त्याच वेळी रक्त द्या. मागच्या पंधरवड्यात गडी चिखलपाण्यात उतरला असेल तर तेही बोला, लेप्टोची सुरुवात अशीच असते.

‘एक सुई मारा, ताप उतरवा’ हा हट्ट मात्र सोडा. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. आणि ताप उतरला की सुटलो, असे नाही. खरा धोका तेव्हाच असतो. पोटात जोरात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणे, यातले एकही दिसले तर रात्र असली तरी गाडी काढा.

सरपंच, पोलीस पाटील यांनी एवढे ध्यानात घ्यावे: हा डास दिवसा चावतो. पेशंटला चावलेला डास साधारण ८ ते १२ दिवसांनी दुसऱ्याला रोग देऊ लागतो. चाकरमानी परत गेलेला असतो, आणि वाडीत ताप सुरू होतो. म्हणून पेशंटला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, आरोग्यसेवकाला त्याच दिवशी कळवा. धुरळणीने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. तेव्हा मशीनसोबत फोटो काढण्याआधी पिंपे, टायर, करवंट्या रिकाम्या करा. पिंपे आतून घासा, अंडी कडेला चिकटून असतात.