पंधरा लिटरची बादली

आमच्या घरात दर रविवारी सकाळी एक ठरलेला संवाद होत असे. मी बनियन आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेला लेंगा अशा वेषात दोन बादल्या घेऊन मोरीतून बाहेर पडायचो आणि स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अहो, लादीवर पाणी सांडू नका हं, आत्ताच पुसलीय." पाणी सांडायचंच. मग मी पायपुसण्यानं ते पुसायचो, आणि ते पायपुसणं का वापरलं यावरून दुसरा संवाद सुरू व्हायचा. तीस वर्षांत यात खंड पडला नव्हता. बादल्या पंधरा-पंधरा लिटरच्या होत्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे शाळेत शिकलो होतो. पण त्याचा अर्थ अडुसष्टाव्या वर्षी कळला.

माझा आणि मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचा जन्म एकाच सालचा, १९५१चा. बालपण गिरगावात गेलं. चर्नी रोड स्टेशनचा पूल ओलांडला की समोर समुद्र आणि मत्स्यालय. पाहुणे आले की त्यांना तिथे न्यायचं काम आम्हा मुलांकडे असे, आणि पाहुण्यांपेक्षा आम्हीच जास्त वेळ काचेला नाक लावून उभे राहायचो. नोकरी लागली, लग्न झालं, डोंबिवलीत जागा घेतली आणि एके दिवशी क्रॉफर्ड मार्केटातून चार मासे घेऊन आलो. प्लॅस्टिकची पिशवी लोकलच्या गर्दीत दोन्ही हातांनी डोक्यावर धरून आणली होती. त्यानंतर घरात फिशटँक नाही असा काळ आलाच नाही. पिशवीची काचेची पेटी झाली, पेटीचा तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टँक झाला. त्यात साधारण एकशेवीस लिटर पाणी मावतं. आठवड्याला त्यातलं पाव पाणी काढायचं आणि तेवढंच नवं घालायचं. म्हणजे दोन बादल्या.

२०१९ साली माझी बायपास झाली. छातीचं हाड कापून पुन्हा तारेनं बांधलेलं असतं. ते सांधेपर्यंत, म्हणजे सुमारे तीन महिने, पाच किलोपेक्षा जास्त काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी त्यांना टँकबद्दल विचारलं तर म्हणाले, "मासे खुशाल बघा. बघायला काहीच हरकत नाही." त्यांचं बरोबरच होतं. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या राष्ट्रीय सागरी मत्स्यालयात केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला होता. मोठ्या टाकीसमोर थोडा वेळ थांबलेल्या लोकांच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उतरतो, असं त्यात आढळलं. त्या टाकीचं पाणी कोण बदलत होतं आणि त्याचा रक्तदाब किती होता, हे मात्र कुणी मोजलेलं दिसत नाही.

तर मी बघत बसलो. मुलगा पुण्याहून शनिवार-रविवार यायचा आणि म्हणायचा, "बाबा, मी बदलतो ना पाणी." मी त्याला हात लावू दिला नाही. तू गढूळ करशील, तुला जमायचं नाही, तू झाडं उपटशील. खरं कारण वेगळंच होतं. त्या घरात माझं म्हणून जे एक काम उरलं होतं, ते दुसऱ्यानं केलेलं मला बघवलं नसतं. वाफ होऊन पाणी कमी झालं की मी तांब्यानं वरून भर घालायचो. पाणी स्वच्छ दिसत होतं, पाचही गोल्डफिश हिंडत-फिरत होते. माझं समाधान होत होतं.

तीन महिने संपले त्या रविवारी मी कंबर कसली. अपराधी वाटत होतंच, त्याचा सारा जोर हातांत आला. तीन-चतुर्थांश पाणी काढलं. खडे घमेल्यात काढून खळखळून धुतले. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला. टँक असा लखलखीत झाला की शेजारचे बघायला आले. मंगळवारपर्यंत पाचातले तीन मासे मेले.

काय झालं ते नंतर वाचून कळलं. जरा सविस्तर सांगतो, कारण आजारपणातून उठलेल्या बहुतेक मत्स्यप्रेमींच्या हातून हीच चूक होते. माशांच्या शरीरातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरा पुष्कळच सौम्य. हे उपकारी जिवाणू पाण्यात फारसे नसतात, त्यांची वस्ती खड्यांवर आणि स्पंजवर असते. नव्या टँकमध्ये ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. मी ती एका सकाळीत नळाच्या क्लोरीनच्या पाण्यानं धुऊन टाकली. शिवाय पाणी महिनोन्‌महिने बदललं नाही की ते हळूहळू आम्ल होत जातं. आम्ल पाण्यात अमोनिया बराचसा कमी विषारी रूपात राहतो, आणि मासेही त्या पाण्याला सरावत जातात. त्यात एकदम नळाचं ताजं पाणी भरपूर ओतलं की आम्लता उतरते आणि तोच साठलेला अमोनिया जहाल होतो. म्हणजे तीन महिन्यांच्या हयगयीनं जे मेले नव्हते, ते एका सकाळच्या उत्साहानं मेले. दहा-दहा टक्के पाणी दोन-तीन दिवसांआड बदलत गेलो असतो तर पाचही जगले असते.

दोन उरले. एक तांबडी-पांढरी ओरांडा आणि एक काळी मूर. मूरचे डोळे बटणासारखे बाहेर आलेले असतात, पण त्या डोळ्यांना दिसतं बेताचंच. मी ठरवलं, आता पुरे. कुणाला तरी देऊन टाकू. इतकी वर्षं लादीवरून भांडणारी आमची सौभाग्यवती म्हणाली, "त्या आंधळीला कोण सांभाळणार? राहू दे इथेच. आपणही काही फार बघणारे उरलो नाही." तिचा एका डोळ्याचा मोतीबिंदू त्याच वर्षी निघाला होता.

मग टँक ठेवायचा, पण बादली सोडायची, असं ठरलं. बादली सोडायला काय काय लागतं ते एकेक करून सुचत गेलं. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी हार्डवेअरच्या दुकानातून पंचवीस फूट आणली. तिचं एक टोक टँकमध्ये आणि दुसरं मोरीच्या जाळीवर. टँक वर, मोरी खाली, पाणी आपोआप उतरतं. नळी आधी नळाच्या पाण्यानं भरून घ्यायची, तोंडानं ओढायची नाही. तोंडानं ओढण्यात मी पूर्वी स्वतःला पटाईत समजत असे. त्या पाण्याची चवही मला माहीत आहे, सांगत नाही. थोडं पाणी वाटेत बालदीत घेऊन कुंड्यांना घालतो. नायट्रेटमुळे कुंडीतली तुळस जोमदार होते. नवं पाणी भरायला जमिनीवर एक पिंप ठेवलं. त्यात आदल्या दिवशी पाणी साठवायचं म्हणजे क्लोरीन उडतो. घाई असेल तर हायपोचे दोन-चार खडे टाकायचे, फोटोग्राफर लोक वापरत तोच हायपो. पिंपातून टँकमध्ये पाणी चढवायला कूलरची छोटी मोटर. बादली कुठेच नाही.

टँक पूर्वी चार फुटी स्टँडवर होता. वरून खाद्य टाकायला मी स्टुलावर चढायचो. ओल्या लादीवर स्टूल आणि स्टुलावर म्हातारा माणूस! मासे पाळण्यातला आमच्या वयाचा खरा धोका हा, खुब्याचं हाड मोडण्याचा. टँक रिकामा करून दोन माणसांकडून दोन फुटी स्टँडवर उतरवला. आता खुर्चीवर बसून सगळं होतं. पाण्यात हात घालण्यापूर्वी विजेची सगळी बटणं बंद करायची, हा नियम तरुणांनाही लागू आहे, पण तरुण ऐकत नाहीत.

हाताचीही एक गोष्ट आहे. मला मधुमेह आहे. बोटावर एक गाठ आली, महिना झाला तरी जाईना. त्वचारोगतज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरी मासे आहेत का?" टँकच्या पाण्यात क्षयाच्या जंतूंच्या भाऊबंदांपैकी एक जंतू असू शकतो, कातडीला जखम असेल तर तिथून तो आत शिरतो आणि औषधं काही महिने घ्यावी लागतात. माझी गाठ तपासणीत साधीच निघाली, पण तेव्हापासून कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घातल्याशिवाय मी पाण्याला हात लावत नाही. सौ. म्हणते, गुरांचे डॉक्टर दिसता.

विसरण्याचं काय करायचं? सकाळी खाद्य टाकलं की नाही हे दुपारी आठवत नाही, म्हणून पुन्हा टाकायचं. आणि मासे उपाशी राहून मरत नाहीत तेवढे जास्त खाऊन मरतात. धडधाकट मोठा मासा आठवडाभर काही न खाता राहू शकतो. माझ्या गोळ्यांची वारांचे कप्पे असलेली डबी असते, तशीच दुसरी आणून तिच्यात सात दिवसांचं खाद्य भरून ठेवायला लागलो. कप्पा रिकामा म्हणजे जेवण झालं. दोन्ही डब्या शेजारी-शेजारी ठेवू नयेत एवढं अनुभवानं सांगतो. गोळी घशाखाली गेली नाही, पण वास ओळखीचा वाटला.

एक प्रश्न मात्र नळीनं आणि डबीनं सुटत नाही. गोल्डफिशला दहा-पंधरा वर्षं जगणं जड नाही. इंग्लंडमध्ये १९५६ साली एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला गोल्डफिश १९९९ साली, त्रेचाळीसाव्या वर्षी गेला. माझ्या दोघी २०१७ सालच्या. हिशेब करायला फार हुशारी लागत नाही. नको झालेले मासे तळ्यात सोडणारे लोक असतात, त्यांना वाटतं आपण पुण्य केलं. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात सकर मासे येतात, ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले. असे परके मासे आपल्या पाण्यात येतात ते कुणाच्या तरी टँकमधून. तेव्हा तळं नाही. नवा मासाही आणायचा नाही, हे मी ठरवून टाकलंय. आणि पुढच्या महिन्यात माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलायची आहे.

गेल्या पावसाळ्यात शेजारची आठवीतली मुलगी आली होती. काचेला नाक लावून म्हणाली, "आजोबा, हिच्या शेपटीवर साखर सांडल्यासारखं काय आहे?" मला काहीच दिसेना. भिंग घेऊन पाहिलं तर व्हाइट स्पॉटचे ठिपके. तिनं पाहिलं म्हणून वेळेत औषध झालं. तेव्हापासून दर रविवारी दहा वाजता ती येते, मी खुर्चीत बसतो आणि ती नळी धरते. सुरुवातीला मी दर मिनिटाला सूचना द्यायचो. मग टँकच्या बाजूला एक पुठ्ठा लावला: मोटर बंद करूनच हात घालणे. पाव पाण्यापेक्षा जास्त काढू नये. स्पंज नळाखाली धुऊ नये, काढलेल्या पाण्यातच पिळावा. शेवटची ओळ तांबड्या शाईनं लिहिली आहे. का, ते तिनं विचारलं तेव्हा तीन माशांची हकीकत सांगावी लागली. आजवर ती मी मुलालाही धड सांगितली नव्हती.

परवा आम्ही रंगीत तालीम केली. मी हॉस्पिटलमध्ये आहे असं समजून आतल्या खोलीत बसलो. पाणी उतरल्याचा आवाज आला, मोटर चालू झाल्याचा आला, बंद झाल्याचा आला. मग बराच वेळ काहीच आवाज येईना म्हणून मी बाहेर डोकावलो. ती खाद्याच्या डबीचे कप्पे उघडून दाणे मोजत होती आणि प्रत्येक कप्प्यातले थोडे थोडे परत बरणीत टाकत होती. "तुम्ही जास्त घालता आजोबा," ती म्हणाली. "रात्री तळाला उरतं. मी बघितलंय."

मी खाली वाकून पाहायचा प्रयत्न केला. गुडघा दुखला. सौ.नं बॅटरी आणून दिली. दाणे होते.