गिरणगाव ते कोन : पुनरुज्जीवित शहरात जागा कोणाला?

बंदर बसले म्हणजे शहर बसतेच असे नाही. पनवेलकडे पाहावे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांनी पनवेलला उतरू लागला. तेथून तो खाडीमार्गे गलबतांनी मुंबईस जाई. येथील नगरपालिका १८५२ ची. १८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढली, माल परस्पर मुंबई गाठू लागला आणि पनवेल बंदराचे दिवस फिरले. पुढे १९७० मध्ये सिडको आली, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली. या चढउताराला पुस्तकात शहराचा ऱ्हास आणि पुनरुज्जीवन म्हणतात. शब्द गोंडस आहेत. पण जुन्या शहरातला कोणता माणूस नव्या शहरात उरतो, हे त्यांतून कळत नाही. त्यासाठी मुंबईच्या गिरणगावाकडे वळावे लागते. कारण त्या गिरणगावाचा एक तुकडा आज पनवेलजवळच्या कोन गावी येऊन पडला आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकामागून एक आजारी ठरत गेल्या, आणि कापडापेक्षा खालची जमीन महाग झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ ने ही जमीन विकण्याचा मार्ग मोकळा केला. अट एवढीच होती, की एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता, बांधकाम नसलेल्या रिकाम्या जागेपुरतीच करायची, असे ठरले. गिरणीचे आवार बहुतांशी शेडांनी भरलेले असते. त्यामुळे शहराचा आणि कामगारांचा वाटा एका फटक्यात आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती वैध ठरवली.

येथवरची कथा डावे लेखक चांगली सांगतात. मात्र त्यांचा 'गिरणी कामगार' बहुधा जातविरहित असतो. प्रत्यक्षात गिरणीची खाती जातीने आखलेली होती. साचे खात्यात धोट्यातली कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आपल्या तोंडाला लागेल, म्हणून सवर्ण विणकर त्याला त्या खात्यात उभे करीत नसत. विणकराची मजुरी चांगली. अस्पृश्यांच्या वाट्याला आले कमी मजुरीचे रिंग खाते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. विणाई खाते आमच्या माणसांना खुले करा, ही मागणी तुमच्या यादीत का नाही? मागणी यादीत गेली, पण नाखुशीने. वर्गाच्या ऐक्याचा धागा तोंडाने ओढायची वेळ आली तेव्हा तो तुटला होता, हे आपण विसरू नये.

आता घरांकडे. १ जानेवारी १९८२ नंतर गिरणीच्या नोकरीत असल्याचा पुरावा देणारा कामगार किंवा त्याचा वारस सोडतीला पात्र. पुरावा म्हणजे हजेरीपत्रकातील नोंद, विमा योजनेचे कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, गेटपास. ज्याची नोकरी पक्की, त्याचा कागद पक्का. दररोज दारावर उभे राहून काम मिळेल का पाहणाऱ्या बदली कामगाराकडे काय असणार? संपानंतर गावी गेलेल्याने, झोपडी तुटताना ट्रंक गमावलेल्याने काय दाखवावे? कागद जात विचारत नाही, हे खरे. परंतु कागद जपायला कोरडे, कायमचे घर लागते, आणि ते कोणाला होते हे जातीने ठरत आले आहे.

२ डिसेंबर २०१६ रोजी कोन येथील २,४१७ घरांची सोडत निघाली. मूळ भाडेतत्त्वाच्या योजनेतील १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून ३२० फुटांचे एक घर. किंमत सहा लाख. नंतर ताब्यासाठी वर्षानुवर्षे वाट. मधल्या काळात, २०२० च्या साथीत, त्याच इमारती विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या. याउलट वरळीच्या बीडीडी चाळीत टिकून राहिलेल्यांपैकी ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच जागी ५०० फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या चाळींत आपली वस्ती जुनी आणि संघटित आहे. टिकून राहण्याची किंमत तिने १९७४ च्या दंगलीतही मोजली होती.

पनवेल परिसरातील विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी एक काम हाती घ्यावे. कोनच्या इमारतींत दारोदार जाऊन आजोबा कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात, कायम होते की बदली, हे लिहून घ्यावे; ज्यांना घर लागले नाही त्यांच्याकडेही जावे. १९८२ साली विशीत असलेला कामगार आज साठी ओलांडून गेला आहे.